झाडाला आवतन

बाबा, तुम्ही गेल्यावर आपल्याकडे झाडपाला मागायला येणारी माणसं हळूहळू थांबली. सुरुवातीला केनवडच्या बाजाराला आलेले लोक वाट वाकडी करून अंगणात उभे राहत. आई त्यांना चहा पाजून परत पाठवायची, "ज्याचा हात होता तो गेला" एवढंच सांगून. मी तेव्हा नववीत होतो. शाळा पुढे झाली नाही आणि तुमची एक मुळीही मी ओळखायला शिकलो नाही. तुमची रीत मात्र घरात सगळ्यांना पाठ आहे. आदल्या संध्याकाळी हळदीचे तांदूळ घेऊन नाल्याकाठी जायचं, झाडाच्या बुडाशी ठेवायचे, आणि उद्या येतो, अमक्याच्या दुखण्यासाठी येतो, असं झाडाला सांगायचं. आवतन दिल्याशिवाय तुम्ही पानाला हात लावला नाही. सकाळी माणूस दारात आला की पुडी मुठीत ठेवूनच तुम्ही विचारायचात, "कोणासाठी?" त्यानं "मायासाठी", म्हणजे स्वतःसाठी, म्हटलं तर मूठ उघडायची. कुणी चुलत्यासाठी, शेजाऱ्यासाठी न्यायला आला की पुडी परत फडताळात. "ज्याचं दुखते त्यानं यावं. मी का किराणा विकून राह्यलो?" हे तुमचं वाक्य आई अजून तुमच्याच आवाजात म्हणते.

माझी पाठ गेली आहे. हंगामात मी रिसोडच्या बाजारात सोयाबीनची पोती उचलतो, बाकीचे महिने पुण्याकडच्या एका कंपनीत माल चढवायला जातो. तिथेच एका पोत्याखाली कळ आली ती परत गेली नाही. वाशीमला फोटो काढला, मणक्याची गादी सरकली म्हणाले. गोळ्यांनी पाठ थांबली, पण पोट पेटलं. तेव्हा पुण्याकडच्या खोलीवरच्या एका आसामी मुलानं एक हिरवी भुकटी दिली. क्रॅटम म्हणतात तिला. थायलंडकडच्या एका झाडाची पानं सुकवून दळलेली, तिकडचे मजूर चघळतात म्हणे. तुम्हाला आवडेल असं एक सांगतो. हे झाड आपल्या नाल्याकाठच्या कळमाच्या भाऊबंदांतलं आहे, मी मोबाइलवर वाचलं. नात्यातलं आहे म्हटल्यावर मला उगाच धीर आला. गावातल्या माणसाच्या ओळखीवर आपण अनोळखी पाहुणा घरात घेतो, तसंच झालं.

मी जपून घेतली, बाबा. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, कडी लावली की नाही हे बघायला दोनदा उठणारा. एकाच ठिकाणाहून मागवायचो. पाकीट आलं की त्यावरचं सगळं वाचायचो, कुठे भरलं, कधी भरलं, आत आणखी काय आहे. एकदा पाकीट वेगळंच आलं, नावाची अक्षरंच चुकलेली, पत्ता नाही. ज्याला आपल्या मालाचं नाव धड लिहिता येत नाही त्यानं आत काय भरलं असेल, म्हणून ते न फोडता परत केलं. दारूला शिवत नव्हतो. भुकटी घेतली की मोटारसायकल काढत नव्हतो, जीपनं जायचो. ओळखीच्या कुणाला घे म्हटलं नाही, कुणाला दिली नाही. एवढं सगळं नीट केल्यावर काही बिघडणार नाही असं मला वाटत होतं. मग एकदा मी गावी असताना कुरिअर जऊळक्यापर्यंत येऊन अडकलं आणि घरात भुकटी संपली. नाक गळायला लागलं, पाय आतून वळवळायला लागले, आणि आईनं जेवायला हाक मारली म्हणून मी तिच्यावर खेकसलो. पाठ त्या दिवशी फारशी दुखतही नव्हती. तेव्हा कळलं की मी आता ती पाठीसाठी घेत नाही.

आईनं माझं ताट झाकून ठेवलं. पण पाकीट आल्यावर मी कसा शांत झालो हे तिनं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "त्या भुकटीनं तुले उठता येते न्? मले बी चिमूटभर दे. गुडघे लय छळून राह्यले."

"तुले नाही चालत ते."

"काहून?"

"तुया बीपीच्या गोळ्या चालू हायेत. झोपेची बी हाय."

"मंग तुले कशी चालते? तुयं आंग का लोखंडाचं हाय?"

"मी जपून घेतो."

"मी का बादलीनं मांगून राह्यली?"

 विष आहे म्हणावं तर मी रोज घेतो. औषध आहे म्हणावं तर आईला का देत नाही? ती रुसली नाही, तिनं फक्त विचारणं सोडलं, आणि उंबरा ओलांडताना गुडघा धरून थांबायची तेव्हा माझ्याकडे बघायची नाही. मी पाकीट कपाटात कुलूप लावून ठेवू लागलो. तुमच्या फडताळाला कधी कुलूप नव्हतं.

शेवटी पाकीट पिशवीत घालून मी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, मोबाइलवर बराच वेळ वाचलं आणि म्हणाल्या, "हे मी कधी पाहिलेलं नाही. आत नक्की काय आहे ते मी सांगू शकत नाही, आणि हे विकणाराही सांगू शकेल असं वाटत नाही." घेतली नाही तर काय होतं, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. लिव्हर तपासायला रक्त काढलं, आईला अजिबात द्यायची नाही असं बजावलं, आणि मला एकदम न तोडता कमी करत आणायला सांगितली, दर आठवड्याला येऊन दाखवायच्या बोलीवर. "आई ऐकत नसेल तर तिलाही घेऊन ये," म्हणाल्या. मी आईला काहीच सांगितलं नाही. दमलो होतो. जपून घेण्यातही माणूस किती दमतो, हे कुणाला सांगून पटत नाही.

त्याच आठवड्यात पुढचं पाकीट आलं. मी कामावर होतो, आईनं घेतलं. सकाळी उठून बघतो तर ते न फोडलेलं पाकीट देवघरात, आणि त्यावर हळदीचे तांदूळ. तुमच्यासारखंच तिनं संध्याकाळी आवतन दिलं होतं.

"कोणाचं नाव घेतलं?" मी विचारलं.

"माया गुडघ्याचं. लपवू कायले?" ती पाटावर बसून पाकिटावरचे तांदूळ एकेक करून वेचत होती. "पण बापू, रातभर मले वाटून राह्यलं, मी कोणाले बोलावलं? झाड मी पाह्यलं नाही. कोण्या रानातलं, कोणं तोडलं, त्यानं तरी विचारलं का नाही झाडाले. तुया बापानं न पाह्यलेल्या झाडाचं पान घरात आणलं नसतं." तिनं तांदूळ अंगणात चिमण्यांना टाकले. मग म्हणाली, "तू बी पाह्यलं नाही न्?"

मी नाही म्हणालो. मग डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं, नाक गळण्याचं आणि पाय वळवळण्याचंही. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "पहिलेच सांगतलं असतं तं माये तांदूळ तरी वाचले असते."

आता पाकीट तिच्याकडे असतं, तुमच्या फडताळात, कुलूप नाही. दवाखान्यात ठरवून दिलं तेवढंच ती सकाळी काढते, दर आठवड्याला आधीपेक्षा कमी. गुडघ्यांसाठी तिला आता तिथूनच मलम मिळतं. त्यानं काही होत नाही असं ती म्हणते, पण लावते. पुडी मुठीत धरून ती मला तुमच्यासारखं विचारते, "कोणासाठी?" मी "मायासाठी" म्हणतो, मग ती मूठ उघडते. पाठ दुखते. रात्री झोप उडते. पण त्या एका प्रश्नापाशी रोज क्षणभर थांबावं लागतं, आणि तेवढा वेळ मी माझा असतो.

हे पत्र पाठवायचं कुठे? झाडाच्या बुडाशी ठेवावं तर तुमच्या नाल्याकाठीही आता गेल्या पुरात वाचलेला एकच कळम आहे. लिहिताना मी चांगलं तेवढंच लिहीत गेलो, म्हणून हेही लिहून ठेवतो. आज सकाळी आईनं विचारायच्या आधीच मी हात पुढे केला होता.