मागच्या सीटवरचा फरारी

आदरणीय साडूभाऊ यांस,

सविनय नमस्कार. इकडे आम्ही सगळे जसे असायला हवे तसे आहोत, तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? मेहुणीबाईंची शुगर आता त्यांचं ऐकते का, की अजून त्याच तिचं ऐकतात? आणि मी दोन वर्षांपूर्वी करून दिलेला चष्मा मानवला ना? एकदाही तक्रार आली नाही, म्हणजे एकतर तो उत्तम बसलाय, किंवा तुम्ही तो लावतच नाही. (दुसरं खरं असेल तर कृपा करून हे पत्र संपेपर्यंत तरी लावा. शेवटी शेवटी अक्षर बारीक होणार आहे.) चौतीस वर्षं नोंदणी कार्यालयात काढून ज्यानं एकही कागद वाचल्याशिवाय पुढे सरकवला नाही, अशा माणसाला पत्र लिहायचं म्हणजे माझ्यासारख्या साध्या चष्मेवाल्याला दडपणच येतं.

पत्रास कारण एवढंच, की रविवारी मला पोलिसांनी धरलं. घाबरू नका, सोडलंसुद्धा. पण आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तुम्हाला पार्श्वभूमीशिवाय काही पटत नाही. माझं ग्लायडर तुम्हाला आठवत असेल. बिनइंजिनाचं विमान, दोरीनं ओढून वर सोडतात, मग ते वाऱ्याच्या मर्जीवर. दोन वर्षांपूर्वी एका शेतात उतरताना मी खांद्याजवळचं हाड मोडून घेतलं आणि दवाखान्यातच हिनं माझ्याकडून वचन घेतलं, की ते खेळणं विकून टाकायचं. मी विकलं. अगदी रीतसर कागद करून, नव्या मालकाची सही घेऊन विकलं. दिलेला शब्द मी पाळतो, हे तुम्ही चारचौघांत सांगायला हरकत नाही. आता नवा मालक फारच मोठ्या मनाचा निघाला आणि दर रविवारी मला ते उडवू देतो, यात माझा काय दोष? देवमाणूस आहे हो. दोन वर्षांत एकदाही 'नाही' म्हणाला नाही. (हिला वाटतं, मी रविवारी दुकानात बसून फ्रेमा मोजतो. मी तसं म्हणालो नव्हतो. तिनं विचारलं, "फ्रेमा मोजायला चाललात का?" आणि मी डबा उचलला, एवढंच.)

तर रविवारी दुपारी वर होतो. ऊन चांगलं तापलेलं, आठ-दहा घारी एका जागी गोल गोल फिरत होत्या. घारी फिरतात तिथे गरम हवा वर चढत असते, म्हणून मीही त्यांच्यात जाऊन फिरू लागलो. खाली शहराचं नवं जलशुद्धीकरण केंद्र, त्याच्या पलीकडे रस्ता, रस्त्यावर एक जीप, जीपवर भोंगा आणि भोंग्यामागे चार माणसं हात हलवताहेत. इतक्या वरून भोंगा ऐकू येत नाही, हात दिसतात. मला वाटलं, लोकांना अजून अशा गोष्टींचं कौतुक आहे. मीही हात हलवला. त्यांनी आणखी जोरात हलवले. मी एक पंख जरा तिरका करून सलाम ठोकला. नंतर पंचनाम्यात वाचलं, की 'आरोपीने इशाऱ्यास न जुमानता उद्दाम हातवारे केले व विमान अंगावर आणण्याचा पवित्रा घेतला.' घारी माझ्या आधी तिथे होत्या आणि माझ्यानंतरही राहिल्या, पण त्यांच्यापैकी एकीचाही जबाब घेतला गेला नाही.

मग ढग आला, ऊन गेलं, हवा बसली. घारी पंख हलवून निघून गेल्या. मला पंख हलवण्याची सोय नसल्यानं मी एक मोकळं, सपाट, छान झाडलेलं मैदान बघून उतरलो. हे पोलिस ठाण्याला लागूनचं कवायतीचं मैदान आहे, हे उतरल्यावर समजलं. वर होतो तोवर 'खाली उतर' म्हणून भोंग्यावर घसा फोडत होते, आणि उतरलो तर पहिला प्रश्न, इथे का उतरलास. दुसरा प्रश्न इंजिनाचा. इंजिन कुठंय? म्हटलं, याला इंजिन नसतं. यावर फौजदारसाहेब (तरुण आहेत, नवीन बदलून आलेत, शर्टाची इस्त्री पाहून भीती वाटते) नुसते हसले. इंजिन नसलेलं विमान वर जाईल कसं, एवढी अक्कल आम्हाला आहे, असं ते हसणं होतं. त्यांनी हवालदाराला विमानाखाली घातलं, शेपटीत हात घालायला लावला, आणि शेवटी लिहून घेतलं, 'इंजिन मिळून आले नाही. आरोपी माहिती देण्यास टाळाटाळ करतो.'

त्यानंतर त्यांना मागची सीट दिसली. साडूभाऊ, या विमानाला दोन सीटा आहेत आणि मी एकटाच उडतो. मागच्या सीटवर डबा आणि पाण्याची बाटली ठेवतो, पट्टा लावून. फौजदारसाहेबांनी पट्टा पाहिला, सीट पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. दुसरा कुठंय? म्हटलं, दुसरा नाही. मग डबा उघडला गेला. डब्यात दोन चमचे निघाले. एका माणसाला दोन चमचे कशाला लागतात, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. डबा ही भरते, सवयीनं टाकत असेल. पण मी उत्तर देताना अडखळलो आणि संपलं. पाच मिनिटांत साहेबांचा सिद्धांत तयार झाला. माझा साथीदार उतरण्यापूर्वीच उडी मारून फरार झाला, आणि जाताना इंजिन घेऊन गेला! दोन्ही गैरहजर गोष्टींचा निकाल त्यांनी एका वाक्यात लावला, याचं मला आजही कौतुक वाटतं. दोन शिपाई खांद्यावरून इंजिन नेणाऱ्या इसमाच्या शोधात पाठवले. साहेबांनी म्हणे दुर्बिणीतून दोन माणसं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मी ती दुर्बीण हातात घेऊन पाहिली. एक नळी वाकडी होती, तिच्यातून बघितलं तर ठाण्यासमोरची पाण्याची टाकीसुद्धा दोन दिसत होती. मी तसं नम्रपणे सांगितलं. सरकारी मालमत्तेची हाताळणी, असं एक कलम वाढलं.

आता मूळ गुन्हा. पंधरा दिवसांपूर्वी कुणी मोठी असामी त्या पाण्याच्या केंद्राचं उद्घाटन करायला आली होती. त्या एका दिवसापुरता, सोबतच्या नकाशातील वर्तुळात उड्डाणास मनाई, असा हुकूम निघाला. असामी गेली, फीत कापली गेली, हुकूम राहिला, कारण तो मागे घ्या असं सांगायला कुणी आलंच नाही. तो हुकूम लावला कुठे होता? फौजदारांच्या खोलीत, टेबलामागच्या भिंतीवर. आणि त्या खोलीच्या दारावर पाटी, 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' मी म्हटलं, नागरिकांनी वाचायचा तरी कसा? ते म्हणाले, परवानगी मागायची. बरं, नकाशा पाहिला तर त्यावर वर्तुळं दोन. एक पेन्सिलीनं काढलेलं, नखाएवढं, नेमकं केंद्राभोवती. दुसरं मोठं, तपकिरी, त्यात अर्धं शहर, शाळा, माझं दुकान आणि खुद्द ते पोलिस ठाणं. मी पेन्सिलीच्या बाहेर होतो आणि तपकिरीच्या आत. तीस वर्षं भिंगांच्या धंद्यात काढली आहेत, सवयीनं खिशातलं भिंग काढून ते तपकिरी वर्तुळ पाहिलं. कडेला साखरेचे दोन कण चिकटले होते. चहाच्या कपाचा डाग होता तो, साडूभाऊ! साहेबांनीही भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "चहाचा असेल, पण नकाशा सरकारी आहे."

शेवटी विमान खात्याच्या कचेरीत फोन लागला. तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं, की मनाई केव्हाच संपली, ग्लायडरला इंजिन नसतं, आणि कृपया रविवारी फोन करू नये. मला सोडलं. पण मुद्देमाल सोडला नाही, चमच्यांसकट डबासुद्धा. पंख सतरा मीटर, ठाण्याचं फाटक चार मीटर, त्यामुळे ग्लायडर अजून त्या मैदानातच उभं आहे आणि रोजची कवायत त्याला वळसा घालून चालते. मी पंख काढून ठेवतो म्हणालो, तर पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न म्हणून दटावलं. शनिवारपर्यंत मालकानं स्वतः येऊन सही करून ते न्यायचं, नाहीतर बेवारस ठरवून लिलाव करणार. काल संध्याकाळी कुंपणाबाहेरून बघून आलो. एक शिपाई आत बसून फोटो काढून घेत होता. हसण्यावारी नेतोय खरा, पण आतून तुटतंय हो. दिवसभर लोकांना 'वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा' म्हणत अंधाऱ्या दुकानात उभा असतो, त्या माणसाला आठवड्यातून दोन तास लांबवर बघायला मिळत होतं. ते गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही.

असो. तुमचं फार डोकं खाल्लं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे काय द्यायचं ते तुम्हीच द्या. तूर्त इथे थांबतो, कारण पुढचं मुख्य पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आपला,
धाकटा साडू

ता. क. : तो मोठ्या मनाचा मालक म्हणजे तुम्ही. अभिनंदन. गेली दोन वर्षं सतरा मीटर पंखांचं ग्लायडर तुमच्या नावावर आहे. तेव्हा शुक्रवारच्या गाडीनं या आणि सही करा. येताना चष्मा आणा.

आणखी ता. क. : 'मी सही केली कधी', असं तुम्ही ओरडाल, म्हणून सांगतो. चष्म्याच्या वेळी तुमच्या डोळ्यांत थेंब घातले होते आणि तुम्हाला सगळं धूसर दिसत होतं. तेव्हा 'पावती' म्हणून चार ठिकाणी सह्या घेतल्या. चौतीस वर्षांत न वाचता केलेल्या तुमच्या तेवढ्याच सह्या असतील. तुमच्या कचेरीत कुणाला कळणार नाही, याची हमी देतो.

शेवटचा ता. क. : मेहुणीबाईंना चकार शब्द सांगू नका. त्यांना कळलं की अर्ध्या तासात हिला कळतं. वाचून झाल्यावर पत्र फाडा. हे पत्र पोस्टात हीच टाकणार आहे, म्हणून पाकीट डिंकानं दोनदा चिकटवतोय.

भाऊजी, नमस्कार. पाकीट मी उघडलं. इतकं घट्ट चिकटवलं होतं म्हणूनच उघडलं. दोन वर्षं रविवारी फ्रेमा मोजणारा माणूस नाक भाजून घरी येतो, आणि दुकानाला तर खिडकीसुद्धा नाही. तुमच्या सह्यांचा कागदही मी तेव्हाच पाहिला, फ्रेमांच्या खोक्यात होता. त्यात लिहिलंय, 'आसने : दोन.' तेव्हापासून डब्यात दुसरा चमचा मी घालते. कुणासाठी, हे यांनी आजवर एकदाही विचारलं नाही. आता पोलिसांनी विचारलं.

तुम्ही या, सही करा, आणि तिथेच दुसरा कागद करून ते विमान माझ्या नावावर करा. हा कागद मात्र वाचून करा. फौजदारांना निरोप द्या, की फरारी साथीदार शनिवारी सकाळी स्वतः हजर होतोय. इंजिन त्याच्याकडेही नाही. आणि डबा परत घेताना दोन्ही चमचे मागून घ्या.