नाडी शांत, काळजी नसावी

दि. ४, सोमवार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मशीनने माझा डावा पाय उचलला, पुढे नेला, टेकवला. मग उजवा. मी खिडकीबाहेर तारेवर बसलेला कावळा पाहत होतो. पायांना दोन्ही बाजूंनी पोलादी सांगाडा, खाली सरकता पट्टा, छातीला आणि कमरेला बंद, वरून दोर. तुझा भाऊ म्हणजे दुकानात टांगलेला, कोणी न घेतलेला कोट.

तोंडावर मास्क असतो, तो व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाई बांधतात. मी किती हवा घेतो, किती सोडतो, ते बाजूच्या पडद्यावर उमटतं. नाडीही तिथेच दिसते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून जो पाय माझं ऐकत नव्हता, तो आज घड्याळासारखा चालला. आणि नाडी पेपर वाचताना असते तेवढीच. घाम नाही, दम नाही. शेजारच्या मशीनवर एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते भात्यासारखे धापा टाकतात. मला त्यांची कीव आली.

पण त्यांनी कधी कारखान्यात लेथ मशीन चालवलेलं नाही. मी जन्मभर चालवलं. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी एवढंच सांगायचो की मशीनशी झुंजायचं नाही, अंग सैल ठेवायचं, त्याच्या चालीने जायचं. झुंजले त्यांची बोटं गेली. इथेही मी तेच करतो.

अठरा तारखेला डॉक्टर मास्कचे आकडे बघणार आहेत. आकडे चांगले आले तर या मशीनवर आणखी दोन महिने. नाहीतर जागा दुसऱ्या पेशंटला आणि मला चाकांची खुर्ची देऊन घरी पाठवणार. मला खुर्चीत बसून घरी जायचं नाही. पण काळजी नसावी. हृदय इतकं शांत ठेवलं आहे की पास झाल्यातच जमा.

फोनवर माझी जीभ जड पडते आणि तुला कमी ऐकू येतं, म्हणून हा कागद. हिने नमस्कार सांगितला आहे. तुझी माया आहे तशीच राहू दे, ओरडा थोडा कमी कर.

तुझा,
नाना

दि. ९, शनिवार

चि. नानास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तोवर गॅसवरची भाजी करपली. ती तुझ्या नावावर.

अरे गाढवा, तू चालत नाहीस. मशीन चालतंय आणि तू सोबत जातोयस.

इतकी वर्षं तलावात उभं राहून मी पोरांना पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरला की काही पोरं लगेच पाय मारायला लागतात, तोंड लालबुंद होतं. काही मात्र हातावर निवांत पडून राहतात आणि काठावरच्या आईला टाटा करतात. आईला वाटतं, पोर तरबेज झालं. मी हात काढला की तरबेज पोर गटांगळ्या खातं. तू त्या टाटा करणाऱ्यांतला.

तुझं हृदय शांत आहे, कारण त्याला कोणी काम सांगितलेलं नाही. पाय मागतील तेव्हा ते धावेल. मी काही डॉक्टर नाही, पण तुझ्या डॉक्टरांना हा असला शांतपणा नको असणार. मला तर वाटतं, पोस्टमास्तर पास होतील आणि तू खुर्चीत बसून घरी जाशील. तिथल्या बाईंना सरळ विचार. त्यांना न विचारता मर्दुमकी दाखवू नकोस.

आणखी एक. लेथची सवय म्हणून तू जोर लावत नाहीस, हे मला अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं म्हणजे भीती. कपाट सरकवताना झटका येऊन तू खाली कसा बसलास, ते वहिनीने मला सांगितलंय. आता छातीत जरा धडधडलं की तुला तेच आठवत असणार. मीही घाबरले असते. पण ते डॉक्टरांच्या कानावर घाल. भीती पोटात ठेवून दोराला लोंबकळू नकोस.

वहिनी वेळेवर जेवते का, ते कळव. रागावले आहे, पण तुझ्यावरची माया काही त्यातून कापून घेतलेली नाही.

अक्का

दि. १३, बुधवार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर रुसलो होतो. आज बाईंना विचारलं. मी त्यांना मास्तरीणबाई म्हणतो, वयाने त्या आपल्या भाचीएवढ्या. त्या स्टुलावर बसूनच हसल्या. म्हणाल्या की पहिल्या दिवसापासून मी काकांना जोर लावा म्हणतेय. ते खरंच आहे. पण कारखाना बघायला आलेले पाहुणे 'वा, छान' म्हणत पुढे जातात ना, तसं त्या म्हणायचं म्हणून म्हणतात असं मी धरून चाललो होतो.

मग डॉक्टरांना छातीचंही सांगितलं. सांगताना हिच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले की माझं हृदय तपासूनच मशीनवर चढवलंय. पडद्यावर त्यांनी एक रेघ दाखवली. नाडी तिथवर चढली तर उत्तम, वर गेली तर मशीन आपोआप थांबेल.

म्हणून आज जोर लावला. तोही नेमका भलत्या वेळी, मशीन पाय टेकवत असताना. मशीन शिट्टी मारून बंदच पडलं. चालू मशीन माझ्या हातून बंद पडायची ही पहिलीच वेळ, अक्का. मी त्याला सॉरी म्हणालो. पोस्टमास्तरांचा मास्क हसून हसून घसरला.

नंतर बाईंनी मशीनचा आधार कमी केला. पाय उचलतानाच जोर लावायचा, टेकल्यावर सोडायचा. चार-दोन पावलं साधली, बाकीची मशीनने ओढून नेली. नाडी थोडी हलली, पण थोडीच. आता दम लागायची भीती नाही, अठरा तारखेची आहे.

ही जेवते. माझ्या ताटातलंही जेवते. तिकडून जमेल तेवढा जोर लाव आणि लोभ ठेव.

नाना

दि. १८, सोमवार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

सुरुवातीची पावलं फुकट गेली. मग मी पडद्याकडे पाहायचं सोडलं आणि डाव्या गुडघ्याला मनातल्या मनात शिव्या घालायला लागलो. बाई आधार कमी करत गेल्या. गुडघा जड झाला, मांडी पेटली, मास्क आतून ओला झाला. धाप अशी लागली की पोस्टमास्तर स्वतःचं चालणं विसरून बघत राहिले.

ही काचेपलीकडे उभी होती. नाडी शांत म्हणजे सगळं ठीक, असं मीच तिच्या डोक्यात भरवलं होतं. आकडा चढताना पाहून ती दार ढकलून आत आली आणि थेट मशीन थांबवायच्या लाल बटणाकडे निघाली. मास्तरीणबाईंनी तिला कमरेला धरून थांबवलं. मास्कमधून मला बोलता येईना, म्हणून मी हाताने खूण केली की चालू दे. ती बटणापाशीच उभी राहिली, पण दाबलं नाही.

डॉक्टरांनी जुने आकडे आणि आजचे शेजारी ठेवले. म्हणाले की जुने एखाद्या झोपलेल्या माणसाचे वाटतात. आणखी दोन महिने दिले. त्याच दमात हेही सांगितलं की हे अजून चालणं नव्हे, बराचसा भार मशीनच घेतंय. मी म्हणालो, मला माहीत आहे. आधी माहीत नव्हतं.

आता डोळे मिटतायत. तुझ्या ओरड्यालाही मी लोभातच धरतो, तो चालू ठेव.

नाना

दि. १९, मंगळवार

ती. वन्संना सा. न.

पाकीट बंद करण्याआधी चार ओळी मी लिहिते. आज सकाळी हे वॉकर धरून पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत गेले. नर्स शेजारून चालत होती, तिने हात लावला नाही. दारापाशी हे थांबले. धाप लागली होती. मी जागची उठले नाही.