बांगड्या शोधू नयेत

देवाला स्मरून, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाखाली न येता (दडपण आणायला सगळे येऊन गेले) हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिते. मी विधवा, मॅट्रिक पास. घरचा जमाखर्च आजवर मीच ठेवला.

१. राहते दोन खोल्यांचे घर, माळ्यासकट, माझ्या एकुलत्या एका मुलाचे. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, त्याला आता मूलबाळ होणं कठीण. घर आमच्या थोरल्याच्या नावे करा, वंशात राहील." भाऊजींना काळजी फार. मुलाची कंबर दुखायची तेव्हाही तेल त्यांनीच आणून चोळायला लावले. पोरगा लाजून गाठीबद्दल बोलला नाही आणि आमच्या घरात त्या अवयवाचे नाव घेत नाहीत, म्हणून आजार कंबरेतच राहिला. तो वृषणाचा कर्करोग होता, पोटात आणि फुफ्फुसात पसरलेला. आता लिहिलेच आहे, तर सर्वांनी मोठ्याने वाचावे.

२. सोन्याच्या बांगड्या. जाऊबाईंनी कपाट उचकून दमू नये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, पसरलाय खरा, पण हा बरा होणाऱ्यातला आहे. तीन औषधं एकत्र द्यायची. एकात प्लॅटिनम असतं." भाऊजी म्हणाले, "पैसा पाण्यात जाईल." गेलाच, सलाईनच्या. सोने मोडून मी पोराच्या शिरेत प्लॅटिनम घातले. केस गेले, ओकाऱ्यांनी जीव मेटाकुटीला आला, पण पोरगा उठला. कानात अजून शिट्टी वाजते, त्यामुळे नातेवाइकांचे सल्ले त्याला नीट ऐकू येत नाहीत. औषधाचा हा गुण मला आधी कुणी सांगितला नव्हता.

३. उपचाराआधी डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मुलाचे बीज गोठवून ठेवले आहे. त्याचे भाडे माझ्या ठेवीच्या व्याजातून भरावे. नातवंड झाले तर देवाची कृपा. नाही झाले तरी घर त्याचेच. तो जिवंत आहे, एवढा वंश मला पुरे.

४. त्याला अट एकच, तपासणी चुकवायची नाही. "बरा आहे गं आई" हा रिपोर्ट धरला जाणार नाही.

५. उरलेल्या तेलाची बाटली भाऊजींच्या नावे ठेवणार होते. पण वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. आणि साक्षीदार व्हायला तर भाऊजी, मजकूर न वाचताच, आनंदाने तयार झाले आहेत. सबब बाटली त्यांना सहीच्या वेळीच हातोहात देत आहे.

ठिकाण: वरील घर, देवघरासमोर
दिनांक: १४ मार्च

लिहून देणार: मुलाची आई (सही)

साक्षीदार:
१. धाकटे दीर (सही, बाटली पोचली)
२. शेजारच्या शिंपीणबाई (सही; दोनदा वाचून)