गळ्यावरची चार बोटं

सविताअक्का,

तुला आत्ता कुठे झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. फोटो घेऊन धुळ्याला वकीलबाईंकडे निघालोय.

कोर्टाच्या ऑनलाइन अर्जासोबत मोठे फोटो चढत नाहीत, म्हणून काल चिंधानानांच्या स्टुडिओत लहान करायला दिले होते. त्यांनी लहान केले, पण लग्नाच्या अल्बमच्या सवयीने कातडीही गुळगुळीत करून टाकली. मी ओरडलो तर म्हणाले, "बाईमाणूसना फोटो शे भाऊ, बठ्ठा डाग काढी टाकात." सगळ्या डागांसोबत रविंद्रने गळा दाबला त्या चार बोटांचे वळही गेले. खांद्यात रुतलेला पट्ट्याच्या बकलचा ठसाही गेला.

मग मूळ फोटोंच्या प्रती काढून मीच लहान केल्या. लांबी-रुंदी एकाच प्रमाणात कमी केली, बाकी कशाला हात लावला नाही. मोठं करून पाहिलं, प्रत्येक बोट वेगळं दिसतं. तुझ्या फोनमधले मूळ फोटो पुसू नकोस. रविंद्र कितीही रडला तरी.

नानांचा गुळगुळीत फोटो मात्र आईने पाहिलाय. "कुठे काय लागलंय? उगाच संसार मोडता," म्हणाली आणि रविंद्रला आज दुपारी तुला न्यायला बोलावून बसली. तू आल्यापासून ओढणी गुंडाळून बसतेस, तिला दिसणार कसं?

ती बाजारातून आली की ओढणी काढ आणि खिडकीच्या उजेडात तिच्यासमोर उभी राहा. काही बोलू नकोस.

रविंद्र आला तर कडी काढू नकोस. आईने एकदा पाहिलं की तीही काढणार नाही.

प्रशील