आरशातली अर्धी गाडी

प्रिय ओरेस्ते,

तुझी हेझलनटची झाडं कशी आहेत? विचारायचं म्हणून विचारते, मला त्यांच्यात काडीचा रस नाही हे तुला ठाऊकच आहे. स्टुडिओच्या अंगणात बसून लिहितेय. हात मातीने भरलेत, कागदाला डाग पडले तर चालवून घे.

बातमी अशी की आपल्या मालकांना, बेर्तोलीनोंना, म्हातारपणी पर्यावरणाचं वेड लागलंय. शरदातल्या प्रदर्शनात उद्याची गाडी मांडायची आहे. धूर नाही, चामडं नाही, छतावर ऊन पिणाऱ्या काचा, आणि दारं चक्क भाताच्या तुसाची! व्हेर्चेल्लीच्या भातशेतांतून तुसाची पोती आली तेव्हा बेर्तोलीनो स्वतःच कुजबुजले, “डेल्फीना, पावसात शिजणार तर नाही ना गं ही?” ही माझी निवृत्तीआधीची शेवटची गाडी, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खाली कारागिराचं नाव लागणार आहे. मला ते नाव हवं होतं, ओरेस्ते. फार हवं होतं.

पद्धत आपली जुनीच. मातीची एकच गाडी, डावी अर्धी एकाची, उजवी दुसऱ्याची. मधोमध आरसा उभा केला की प्रत्येक अर्धी पुरी दिसते आणि मालक एक निवडतात. तुझ्या वेळी डावी माझी असायची, उजवी तुझी. बहुतेक वेळा तूच हरायचास, आणि वर मलाच जेवायला न्यायचास. तू वडिलांच्या बागेकडे गेलास तेव्हा तुझ्या जागी मालकांनी कुणालाच घेतलं नाही. या वेळी मला म्हणाले, “दोन्ही बाजू तूच कर. पण एकमेकींशी भांडल्या पाहिजेत!” आता स्वतःशीच भांडायचं म्हणजे काय, सांग. मग डावीत मी जीव ओतला: बुटकी, निमुळती, स्टीअरिंग नाही, सगळं सांधे न दिसता चिकटवलेलं. उजवी आपली विरोधाला विरोध म्हणून केली.

आज सकाळी ऊन चांगलं होतं, म्हणून माती पत्र्यासारखी चमकावी असा दोन्ही बाजूंना चंदेरी कागद चढवून गाडी अंगणात काढली. समोरच्या कॉफीवाल्या आसुंताबाई ट्रे घेऊन आल्या त्या डावीपाशी थबकल्याच. “बाई गं, हिच्यात बसायचं की हिला पायात घालायचं?” रंगारी गाविनो म्हणाला, “धूर नाही, आवाज नाही, वळवायला चाक नाही. मग रस्त्यात भांडायचं कशावरून?” मी तणतणले की तुम्हाला उद्याचं काही कळत नाही. तेवढ्यात आसुंताबाई उजवीकडे गेल्या. तिथलं दार उंच, काच हाताने खाली करायची, सगळे भाग स्क्रूने बसवलेले, बिघडेल तेवढंच बदलावं. त्यांनी खिडकीवर कोपर टेकवलं आणि म्हणाल्या, “ही मी मरेपर्यंत वापरीन. टाकवणारच नाही.” जी गाडी टाकवत नाही तीच खरी हिरवी, असं तू ओरडून सांगायचास तेव्हा मी किती हसायचे!

मग बेर्तोलीनो आले. डावीभोवती फिरले, मान डोलावली. उजवीच्या दारावरून त्यांनी हळूच हात फिरवला आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, “ओरेस्ते कधी येऊन गेला?”

तू आला नव्हतास. पण रोज माती तापवून मऊ करताना मी मनात तुझ्याशीच वाद घालत होते, आणि हात तुझं ऐकत गेले. उजवी निवडली गेली आहे. खाली तुझं नाव लावा, असं मीच सांगितलं. हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, म्हणून रात्रीपर्यंतही धीर धरवेना, लगेच लिहायला बसले. तू गेलास तेव्हा मी थांब म्हणायला हवं होतं, असं लोक मला अजून ऐकवतात. मी म्हणते, थांबू का असं त्याने तरी कुठे विचारलं? तर आता मी विचारते. माझी डावी मी आज खरवडून टाकली. तिथे तुझीच बाजू उमटवायची आहे, आणि ती तूच येऊन उमटवावीस. पण ते निमित्त झालं. गाडी प्रदर्शनाला गेल्यावरही तू परत जाऊ नयेस, असं मला वाटतं. माझं तुझ्यावर प्रेम आहे. राहशील का?

तुझीच,
डेल्फीना