माझे पाय आणि पवित्र गुरुवार

पोलादपूर,
लेंटच्या उपवासातला शनिवार

ती. काकांस,

कमलाकरचा प्रभूमध्ये सलाम. तुमचा गुडघा आता उपासनेत वाकतो का, आणि काकू त्याला तेल लावतात की अजून नुसतीच प्रार्थना करतात? इकडे आम्ही सगळे बरे आहोत.

येशूने बारा शिष्यांचे धुतले तसे पवित्र गुरुवारी तुम्ही ज्या बारा जणांचे पाय धुणार, त्यांत माझं नाव घातल्याचा निरोप मिळाला. तब्येत उत्तम असली तरी माझे पाय त्या लायकीचे नाहीत. गुरांचा डॉक्टर (खरं तर डॉक्टरच्या हाताखालचा, पण शेळ्यांना त्यातला फरक कळत नाही) म्हणून डोंगर चढून चढून टाचांना भेगा पडल्यात. तळव्याला कुणी हात लावला की मला गुदगुल्या होतात, आणि भर उपासनेत मी खिदळलो तर महाडची मंडळी वर्षभर तेच बोलत बसतील. शिवाय शेजारच्या खुर्चीवर तुम्ही विनोदला बसवणार. बाबांच्या कबरेच्या दगडावर कुठलं वचन कोरायचं यावरून आम्ही सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाही आणि दगड दोन पावसाळे कोराच उभा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा माझं नाव काढा, असं लिहायला मी मंगळवारी बसणारच होतो.

पण मंगळवारी आंबेनळी घाटाच्या वरच्या वाडीत शेळ्यांना लस टोचायला जावं लागलं. दोन शेळ्यांनी शहाण्यासारखं टोचून घेतलं. तिसरीने दोरीला हिसका दिला आणि दोरीसकट मला ओढत नेऊन उकिरड्यात सोडलं. चपला तिथेच राहिल्या. (मी त्या शेळीला जे म्हणालो ते ख्रिस्ती माणसाला शोभणारं नव्हतं.) तिची मालकीण साळूबाई, सत्तरीची म्हातारी, मला अंगणातल्या दगडावर बसवून म्हणाली, "पाय दे हिकडं." मी म्हटलं, मावशी, तुम्ही नको, माझे मी धुतो. खूपदा नको म्हटलं. "गप बस रे. तुला वाकता येत नाय, पोट आडवं येतंय," असं म्हणून ती माझ्या पायाशी बसलीसुद्धा. मी गुदगुल्यांनी हसत सुटलो, तशी शेळीला मारावी तशी एक चापट तिने माझ्या नडगीवर मारली आणि बोटांच्या बेचक्या चोळत राहिली. "तुझ्यापरीस माझ्या शेळीचं खूर बरं हाय," म्हणाली, आणि पदराने पाय पुसले. खालचं घमेलं उचलून तिने ते पाणी दारातल्या मिरच्यांना घातलं, तेव्हा कुठे माझं हंड्याकडे लक्ष गेलं. वरचा झरा आटलाय. ते पाणी तिने खालच्या झऱ्यावरून डोक्यावर वाहून आणलेलं होतं, रात्रीच्या पिण्याचं, आणि त्यातलं अर्धं माझ्या पायांवर गेलं होतं.

काका, तिथे माझं हसू थांबलं. पाय धुऊ लागलेल्या येशूला नको नको म्हणणारा पेत्र मी दरवर्षी तुमच्या प्रवचनात ऐकतो आणि मनात म्हणतो, काय हट्टी माणूस. पाय नुसते पुढे करायलाच किती जड जातं, हे मला त्या दगडावर कळलं. प्रत्यक्ष देवाचा पुत्र एवढा खाली वाकला, त्याने त्या मासे मारणाऱ्यांच्या टाचा पाहिल्या, नखं पाहिली, आणि तोंड वाकडं केलं नाही. थोड्याच वेळात जो त्याला धरून देणार होता, त्या यहूदाचे पायसुद्धा त्याने वगळले नाहीत. तेच पाणी, तोच रुमाल. (विनोद यहूदा नाही, एवढं मी लेखी देतो.) घाट उतरताना मला भीती वाटत होती, पण ती चांगली भीती होती, चर्चमध्ये आपण एकटेच असताना वाटते तशी. मोटारसायकल मी अगदी हळू चालवली, आणि अनवाणी.

काकूंना सलाम सांगा.

तुमचा,
कमलाकर

ता. क. मी गुरुवारी येतो, पण खुर्चीवर बसायला नाही. तुमचा गुडघा दुखतो, तेव्हा बारांतला एक माणूस माझ्याकडे द्या. विनोदचे पाय मला धुऊ द्या. त्याला आधी सांगू नका, नाहीतर तो यायचा नाही.

आणखी एक. दगडावरच्या वचनाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

आणि पाणी कोमट ठेवा. त्याला लहानपणापासून पायांवर गार पाणी सोसत नाही.