पिंप तीनदा धुतलं होतं

जलीब, कुवैत
ता. १७ ऑक्टोबर १९६५

बदरूभाईला धाकट्या झहूरचा सलाम.

हे पत्र मी टाळत होतो. आधी पेन वाळलं म्हणून. शाई आणायला गेलो तर दुकानात मोंबासाला जाऊन आलेला एक खलाशी भेटला, त्याला तुझी गल्ली ठाऊक होती, मग शाईच राहिली. खरं सांगायचं तर हातच उठत नव्हता. भाभी, पोरं बरी असतील. इथला उकाडा आता उतरलाय.

तुझ्याकडे एक काम आहे. रबियाआपाला बाणकोटला तुझ्या हातचं पत्र जायला हवं, अशरफभावजींबद्दल. काय लिहायचं ते पुढे सांगतो.

मी शुवैखचं गॅरेज सोडलं. रागावू नकोस, तो ग्रीसचा वास सहन होत नव्हता. वफ्र्याच्या बागेत खजूर उतरवायला लागलो. तिथली हवा छान. कांदा तर असा होतो की नुसत्या रोटीबरोबर खावा. असो. तिथे गफूर भेटला, हर्णैचा. पूर्वी एका गोऱ्या साहेबाकडे आचारी होता. दारूबंदी झाल्यापासून तेलवाले साहेब कासावीस झालेले. गफूरने साहेबाला खजुराची वाइन करताना पाहिलं होतं: पाणी उकळायचं, बाटल्या उकळायच्या, तोंडाला कापड बांधायचं, कोंडलेली हवा जाऊ द्यायची. आम्ही करायचो आणि भावजी आपल्या व्हॅनमधून पोचवायचे. हराम आहे हे ठाऊक होतं. पण आमच्यापैकी कुणी थेंबही जिभेला लावला नव्हता, त्यातच समाधान मानायचो.

काचेचे बुधले होते, ते फुटले. आम्ही बुचं घाईने मारली होती. खजूर तर भिजत पडलेला. मग मी बागेतलं एक रिकामं पिंप आणलं. फवारणीच्या औषधाचं. गफूर म्हणाला, "धू नीट." वाळू घालून घासलं, तीन पाण्यांनी धुतलं. तीन वेळा धुतलं की भांडं पाक-साफ, हे लहानपणापासून ऐकलेलं. वास गेला, मी निर्धास्त झालो. अम्मी कोकमाचं आगळ चिनी बरणीशिवाय कशात ठेवू देत नसे, तेही आठवलं होतं. आठवलं आणि सोडून दिलं.

माल परत आला. साहेबाने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. सगळ्या बाटल्या या खोलीत आणून ठेवल्या. भावजी म्हणाले, "बिघडलंय काय, बघायला तरी हवं."

गफूर म्हणाला, "बघणार कोण? आपण तिघेही पाक माणसं."

"मी बघतो. तोबा नंतर करीन."

त्यांनी नाक धरून अर्धा पेला प्यायला. तोंड वाकडं करून म्हणाले, "काय रे, दारू अशीच लागते?"

आम्हाला काय माहीत! मी म्हटलं, "अशीच लागत असणार. लोक उगाच का तोंडं वाकडी करतात?" तेही हसले. म्हणाले, "घोटाने काय कळतंय," आणि उरलेलाही संपवला.

थोड्या वेळाने घाम सुटला, तोंडातून लाळ गळायला लागली. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. इस्पितळात इजिप्तहून आलेल्या मिसरी डॉक्टरने मला विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

मी म्हटलं, "मासे."

बदरूभाई, मी मासे म्हटलं. जेल दिसत होती, बोटीतून परत पाठवणं दिसत होतं. तो परत परत विचारायचा, मी परत परत मासे. सकाळी भावजींचं अंग उडायला लागलं, श्वास घरघरायला लागला, तेव्हा पिंपाचं सांगितलं. डॉक्टर सुई आणायला धावला. सुई होती रे, औषध होतं. दुपारी ते गेले. डॉक्टर माझ्यावर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "रात्री सांगायचं होतंस." पोलिसांना त्याने अजून कळवलेलं दिसत नाही. का, ते माहीत नाही.

परवा माती दिली. बाटल्या गफूरने वाळूत ओतल्या.

तर आपाला लिही, न्युमोनिया झाला होता, फार हाल झाले नाहीत. तुझं अक्षर पाहिलं की ती खोदून विचारणार नाही. माझ्याच्याने होत नाही. बिचारी पाच वर्षं त्यांची वाट

इथे थांबलो होतो. खाली टॅक्सी आली. गफूर धावत वर आला. "झहूर, बोटीतून एक बाई आलीय. ट्रंक आहे. अशरफची खोली विचारतेय."

खिडकीतून पाहिलं. रबियाआपा आहे. भावजींनी गुपचूप व्हिसाचे कागद करून बोलावलं असणार, आम्हाला दचकवायला. टॅक्सीवाल्याला ट्रंक सांभाळून उतरव म्हणते आहे. हसते आहे.

तू न्युमोनियाचं काही लिहू नकोस, भाई. मी खाली जातो.

भावजींना मासे खायला घालणारा,
तुझा झहूर